लाल झालं म्हणजे उघडायचं

माझ्या लानआत्याने उगाच नोकरी घालवली असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. बाबांचं आहे, मोठ्या काकांचं आहे, समोर तांदळाच्या शेवया वाळत घालणाऱ्या काकूंचं तर फारच आहे, आणि त्या काकूंनी आयुष्यात एक पेटी बांधलेली नाही. माझं मत वेगळं आहे. मी तिथे होते. म्हणून सगळं लिहून टाकतेय, कोणाला राग आला तर येऊ दे.

आत्याचं पूर्ण नाव कू च्यो-लान. उंचीने माझ्या खांद्याला लागते, पण आवाज असा की आमच्या शिनचू गावच्या वाऱ्यातसुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. आणि आमचा वारा म्हणजे उभी स्कूटर आडवी करणारा वारा. आत्याचं काम एकच, नाजूक वस्तू बांधणं. शाळा सुटली तशी ती फानांच्या कारखान्यात लागली. तेव्हा म्हाताऱ्या फानशेठचा काचेचा धंदा होता. काचेची हरणं, काचेचे हंस, नाताळच्या झाडाला टांगायचे गोळे, सगळं बोटीने परदेशी जायचं. आत्या ते भाताच्या तुसात आणि जुन्या वर्तमानपत्रांत बांधायची. सुरुवातीला तिने हरणांच्या शिंगांना छान कागद गुंडाळला, खूप प्रेमाने, आणि पोचेपर्यंत निम्म्या हरणांची शिंगं कागदातच तुटली. मग तिचं तिलाच कळलं. शिंगाला हात लावायचाच नाही. हरणाला पोटाशी घट्ट धरायचं आणि शिंगं मोकळ्या हवेत ठेवायची. "जे नाजूक असतं ना, त्याला धरायचं नसतं, पेइ," ती मला सांगते. "जे दणकट असतं त्याला धरायचं." मी तिला म्हटलं, आत्या, हे तू माणसांबद्दल बोलतेयस का? ती म्हणाली, "नाही गं बाई, हरणांबद्दल. तुम्हा कॉलेजवाल्यांना प्रत्येक गोष्टीत माणसं कशी दिसतात?"

तिचं लग्न झालं होतं. नवरा दारू प्यायचा आणि जोरात बोलायचा. दोन्ही मिळून तिला जास्त झालं तेव्हा ती म्हणाली मी चालले. तो म्हणाला, जा, पण माझ्या घरातलं काही नेऊ नकोस. तिने तिचं शिलाई मशीन, तिचं काचेचं कपाट, आतल्या बश्यांसकट, त्याच्याच रजयांमध्ये बांधलं आणि टेम्पोत घालून आमच्या घरी आणलं. एक बशी फुटली नाही. आठवड्याने तो दारात उभा. "माझ्या रजया दे." आत्याने दारातूनच सांगितलं, "पॅकिंग मालाबरोबर जातं. विचार कोणालाही." आणि दार लावलं. थंडीत मी अजून त्यातलीच एक रजई घेते, फार ऊबदार आहे.

म्हातारे शेठ गेले, काचेची हरणं बंद पडली, त्यांचा मुलगा गादीवर आला, आता शेठ म्हणजे तोच. त्याने कारखान्याचं सगळं बदललं. आता तिथे डोळ्यांच्या दवाखान्यातली यंत्रं बनतात, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारी. आत भिंगं, आरसे, असं काय काय. एक आरसा केसभर हलला तरी फोटो धुरकट. जुनी माणसं सगळी गेली, एक आत्या राहिली, कारण यंत्र बनवणारे खूप मिळतात, बांधणारं कोणी नीट मिळत नाही. तूस गेलं, त्याच्या जागी फोम आला, खिळ्यांच्या जागी स्क्रू आले, पण पद्धत तीच. यंत्र पेटीच्या कुठल्याच भिंतीला टेकता कामा नये, चारी बाजूंनी मूठभर जागा. मग झाकण लावायच्या आधी ती पेटीला कान लावून पेटी हलवते. "पेटी बोलता कामा नये," म्हणते. जरा टक् आवाज आला की सगळं बाहेर, पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग ती बाहेरून स्टिकर लावते. हा स्टिकर समजून घ्या, सगळं भांडण त्याच्यावरून आहे. छोटा असतो, मधे एक पांढरी नळी. पेटीला जोराचा दणका बसला की नळी लाल होते, आणि एकदा लाल झाली की परत पांढरी होत नाही, काही केलं तरी. पेटी घेणारा आधी तो बघतो. पांढरा म्हणजे रस्त्यात कोणी आपटली नाही. लाल म्हणजे उघडून तपासायचं.

आता तो दिवस.

चंद्राच्या पंचांगातला सातवा महिना चालू होता. आमच्याकडे ह्या महिन्यात मेलेली माणसं परत येतात, भुकेली. त्यांना भूत म्हणायचं नाही, चांगले भाऊ म्हणायचं. प्रत्येक दुकान, प्रत्येक कारखाना दारात टेबलं मांडून त्यांना जेवायला घालतो. मला सुट्टी होती आणि मी फानशेठच्या ऑफिसात पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापायचं काम करत होते. शेठने मुहूर्त काढला होता दुपारी दोनचा. नूडल्सची पाकिटं, बिस्किटं, डबाबंद मासे, सरबताचे खोके, फळं, सगळं आलं होतं. आणि ऐन वेळी कळलं की घडीच्या टेबलांपैकी एकाचा पाय मोडलाय.

मुहूर्त तर चुकवता येत नाही. भाऊ रागावले तर वर्षभर धंद्याचं काय? शेठने इकडे तिकडे बघितलं आणि त्याला दिसली आत्याची पेटी. सकाळीच बांधून तयार होती, मंगोलियाला जायची होती, चारला ट्रक येणार होता. छान सपाट, टेबलाच्याच उंचीची. शेठने स्वतः ती ओढगाडीवर घेतली आणि दरवाज्याकडे पळवली. गटाराच्या जाळीत चाक अडकलं, पेटी धप्पकन खाली. शेठने इकडे तिकडे पाहिलं, पेटी सरळ केली, वर पिवळं कापड घातलं आणि कापडावर सरबताचे खोके रचले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी आणि आत्या मागे फळं धूत होतो.

सगळे ओळीत उभे राहिलो, हातात उदबत्त्या. शेठ पुढे, डोळे मिटून पुटपुटतोय. मग एकेका पाकिटात एकेक उदबत्ती खोचली. म्हणजे भाऊ जेवायला बसले. आणि तेवढ्यात वारा आला, आमचा नेहमीचा, आणि पिवळं कापड उडालं आणि मला खाली लाल दिसलं. मी काही विचारच केला नाही, ओरडले, "आत्या! लाल झालंय!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

आत्या खाली बसली. कापड वर केलं. स्टिकर बघितला, बोटाने चोळून बघितला. मग वर न बघताच विचारलं, "कोणी ओढली?"

शेठ एका पाकिटातली उदबत्ती सरळ करू लागला.

"मी काय विचारतेय? माझी पेटी कोणी ओढली?"

"लानताई, आत्ता नको," शेठ दबक्या आवाजात म्हणाला. "जेवतायत ते."

"म्हणजे तुम्ही."

"अगं, जरासं चाक अडकलं. काही नाही झालेलं. हा स्टिकर काढून दुसरा लाव, कपाटात शंभर पडलेत. पेइ, जा, घेऊन ये."

मी जागची हलले नाही. शेठने माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे.

"दुसरा लावायचा तर आधी उघडायची," आत्या म्हणाली. "लाल झालं म्हणजे उघडायचं."

"चारला ट्रक येईल!"

"येऊ दे."

"आणि वर त्यांचं जेवण आहे!" शेठने खोक्यांकडे हात केला. त्याचा चेहरा खरंच पांढरा पडला होता. त्याला ट्रकची काळजी होती, पण भावांची जास्त होती. उदबत्ती विझायच्या आत कोणाच्या पुढचं ताट उचलायचं म्हणजे काय! आमच्याकडे तसं कोणी करतच नाही. माझ्या अंगावरसुद्धा काटा आला, खोटं कशाला बोलू.

आत्याने थोडा विचार केला. मग म्हणाली, "ठीक. विचारू त्यांना."

शेठला हे पटलं. खिशातून दोन नाणी काढली. एक छापा एक काटा पडला तर भावांचं पोट भरलं, दोन्ही सारखे पडले तर अजून जेवतायत. शेठने नाणी कपाळाला लावली, टाकली. दोन्ही छापे. "बघ! जेवतायत!" म्हणाला, आणि त्याचा आनंद लपत नव्हता.

"आणा इकडे." आत्याने नाणी घेतली. "भाऊंनो, जेवण गोड लागलं का? थोडं पेटीवरून सरकता का, मला कामाला ती लागतेय." टाकली. दोन्ही काटे.

"पुन्हा," कोणीतरी मागून म्हणालं.

पुन्हा टाकली. दोन्ही काटे. आता सगळे हसायला लागले, घाबरून हसतात तसं. ट्रकवाला आ-खुन मेला लवकरच येऊन सगळं बघत बसला होता, सुपारी चघळत ट्रकच्या खिडकीतून म्हणाला, "लानताई, तीन वेळा नाही म्हणाले. आता तरी ऐका की. माझ्या सासूला मी एकदाच विचारतो."

शेठ आता मऊ झाला. त्याला वाटलं जिंकलो. "बघ ताई, त्यांनीच सांगितलं. स्टिकर बदल आणि जाऊ दे. मी बांधलेली नाहीये ही, तू बांधलीयेस. तू बांधलेलं कधी फुटतं का? मला माहितीये ना."

मला वाटलं इथे आत्या विरघळेल. स्तुती केली की ती विरघळते, स्वयंपाकाची केली की दुसऱ्यांदा वाढते. पण ती पेटीसमोर हात जोडून उभी राहिली आणि भावांशी बोलली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तुम्ही नाही म्हणालात, मी ऐकलं. तीनदा ऐकलं. माझा तुमच्यावर राग नाही, तुम्हाला इथे कोणी बसवलं ते तुम्हाला काय माहीत. पण तिकडे कोणीतरी डोळे दाखवायला रांगेत बसणार आहे, त्याला धुरकट फोटो मिळाला तर मी काय सांगू, भाऊ जेवत होते? मी तुमचं ताट माझ्या टेबलावर मांडते. सावली आहे, पंखा आहे. उदबत्त्यांसकट नेते. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, माझं नाव कू च्यो-लान, गल्ली सगळ्यांना माहितीये."

आणि तिने पहिला खोका उचलला.

"च्यो-लान!" शेठ ओरडला. मी पहिल्यांदाच त्याला तिला नुसत्या नावाने हाक मारताना ऐकलं. "तो खोका खाली ठेव. उघडलीस ना पेटी, तर उद्यापासून येऊ नकोस. मी सगळ्यांसमोर सांगतोय."

आत्या थांबली. खोका हातात, उदबत्तीचा धूर तिच्या तोंडावर. मला तिच्या मानेवरची शीर दिसत होती. ह्या कारखान्याशिवाय ती दुसरीकडे कुठे गेलीच नव्हती ना! ह्या वयात कोण घेणार तिला? हे मला दिसत होतं तर तिला दिसत नसेल?

"पेइ," ती म्हणाली, "ते मासे घे. हळू, राख पडेल."

मी घेतले. आम्ही दोघींनी सगळं एकेक करून तिच्या बांधायच्या टेबलावर मांडलं, तसंच, त्याच क्रमाने. बाकी कोणी हात लावला नाही. ऑफिसमधली एक मुलगी आमच्याकडे बघून सारखी नमस्कार करत होती, आम्हाला की भावांना कोण जाणे.

बाहेर राख उडत होती, म्हणून पेटी उघड्यावर उघडायची नव्हती. आत्याने ती ओढगाडीवर घेतली आणि आत नेली, गटाराच्या जाळीवर आधी फळी टाकून, झोपलेलं मूल नेतात तशी. शेठ ती फळी बघत राहिला. मग स्क्रू. एकेक स्क्रू हाताने, मशीन लावून नाही, मशीनने हादरे बसतात. झाकण, फोम, चंदेरी पिशवी. बाहेर आ-खुन हॉर्न वाजवतोय. इंजिनियर स्यू हातमोजे घालून आधीच येऊन उभा होता, गरीब मुलगा, शेठकडे बघायचं टाळत होता. "मी तपासतो, लानताई. पण वेळ लागेल."

"लागू दे."

वेळ लागला. त्याने यंत्र चालू केलं, आरसे बघितले, माझ्याच डोळ्याचा फोटो काढला, मग आत्याच्या, मग परत माझ्या. हॉर्न थांबला आणि ट्रक गेल्याचा आवाज आला. शेठ दारात उभा होता, हाताची घडी घालून. शेवटी स्यूने मान वर केली आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाला की मला दोनदा विचारावं लागलं.

"काही नाही झालेलं. सगळं जागेवर आहे. आरसाबिरसा काही हललेला नाही."

शेठ हसला. हसला म्हणजे काय, त्याच्या तोंडातून हवा सुटली. "बघ! बघ आता! ट्रक गेला, विमान गेलं, भाऊ नाराज, आणि काय मिळालं? काही नाही! काय मिळालं तुला सांग!"

"हे मिळालं," आत्या म्हणाली. "मघाशी मला माहीत नव्हतं. आता माहितीये."

मग तिने पेटी पुन्हा बांधली. घाई केली नाही. मूठभर जागा, कान लावून हलवली, पेटी बोलली नाही. झाकण, स्क्रू. आणि आता नवा स्टिकर लावला, पांढरा, आता तो खरा होता. टेबलावरच्या उदबत्त्या विझेपर्यंत ती तिथेच बसून राहिली, मग परत नाणी टाकली. एक छापा, एक काटा. "झालं बाबा जेवण एकदाचं," म्हणाली, हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर, जे तिचे स्वतःचे होते, ते पिशवीत घातले, हेल्मेट घातलं आणि स्कूटरवरून घरी गेली. मीपण माझी नोकरी तिथेच सोडली. कोणी विचारलं नव्हतं, तरी सोडली.

पुढच्या महिन्यात पौर्णिमेला आम्ही दरवर्षीसारखी घरासमोर शेगडी मांडली, मांस भाजायला. सगळे होते. आणि सगळ्यांच्या तोंडात एकच विषय.

"फुटलंच नव्हतं ना शेवटी?" मोठे काका म्हणाले. "मग?"

"मग काय," बाबा म्हणाले. "नोकरी फुटली."

सगळे हसले. मला इतका राग आला ना! मी म्हटलं, "फुटलं नव्हतं हे तुम्हाला कळलं कधी? उघडल्यावर! न उघडता कोणाला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं? फानशेठला? त्या सुपारीवाल्याला?"

"आवाज खाली," बाबा म्हणाले. "शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत!"

आत्या मांस उलटत होती. तिला धुराचा त्रास होतो म्हणून डोळे बारीक केले होते. मग बाबांनी त्यांचा फोन तिच्यासमोर धरला. कळलं की शेठशी त्यांचं आधीच बोलणं झालंय. शेठ तिला परत घ्यायला तयार आहे. नवीन माणसाला पेट्या जमत नाहीयेत असं काही नव्हतं, चांगला मुलगा आहे तो. पण शेठला जुनं माणूस नसल्याचं बरं वाटत नव्हतं, आणि सगळ्यांसमोर बोललेलं तसंच मागे कसं घ्यायचं हेही कळत नव्हतं. तर तिने फक्त एवढं म्हणायचं की त्या दिवशी चुकलं. बस, एवढंच वाक्य.

"ताई, एक वाक्य," बाबा म्हणाले, आता चेष्टा न करता. "तुझं वय बघ. एका वाक्याने काय जातंय?"

आत्याने चिमटा खाली ठेवला, हात पुसले, फोन घेतला.

"फानशेठ, जेवलात का?" ती म्हणाली. "हो, आमचं चाललंय. वारा आहे, कोळसा धरत नाहीये... हो. सांगितलं माझ्या भावाने. ऐका, मी चांगल्या भावांची माफी मागितलीये, देवळात जाऊन फळं ठेवून, कारण त्यांचं ताट मी उचललं. ते माझं चुकलं. पेटी उघडली ते नाही चुकलं. पुन्हा लाल दिसली तर पुन्हा उघडीन, आत काही निघो न निघो. हे चालत असेल तर सोमवारी येते."

पलीकडून काय आवाज आला ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग आत्या म्हणाली, "बरं. तब्येत सांभाळा," आणि फोन बाबांना परत दिला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बघतो."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. ते करपलं बघ, उलट."

सोमवारी ती गेली नाही. सोमवारी ती दुसऱ्या एका कारखान्यात गेली, काम मागायला. तिथे तिने पहिल्यांदा हेच विचारलं, पगाराच्या आधी. "लाल झालं तर उघडायला कोणाची परवानगी लागते?" मॅनेजर म्हणाला, साहेबांची. आत्या उठली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, तशी वेळच येत नाही आमच्याकडे. आत्या उठली. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे आणि ती रोज सांगायची, उठले. शेवयावाल्या काकूंना हसायला चांगलं निमित्त मिळालं.

मग मी तिला माझ्या मैत्रिणीच्या आईकडे घेऊन गेले. त्या प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या आणि भांडी बनवतात, गावाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये. लांब आहे, पैसे कमी आहेत, मी आधीच सांगितलं होतं. आत्याने शेडमध्ये उभं राहून, हेल्मेटसुद्धा न काढता, तोच प्रश्न विचारला.

त्या बाई भट्टीसमोर बसल्या होत्या, घामाने निथळत, हातात तापलेली नळी फिरवत. त्यांना प्रश्न नीट कळलाच नाही. "परवानगी? कोणाची परवानगी?" म्हणाल्या. "पेटी तुम्ही बांधणार ना? मग मला काय विचारता?"

आत्याने हेल्मेट काढलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं.